चार वाजून दहा मिनिटांचा फोन

३ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहिले तर तू तेवढाच भाग फाडून परत पाठवशील, म्हणून ते माझ्याजवळच ठेवते. थेट कामाचं बोलू.

दुकानात फोन केला तर तू म्हणतोस, "पंप घेऊन या, फोनवर दुरुस्ती होत नाही." आवाज माझा आहे हे कळूनही असं म्हणायचं, आणि तेही गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अहो-जाहोत, म्हणजे कमाल आहे. म्हणून पत्र. पाकिटावर तुझ्या बायकोचं नाव घातलंय, कारण ती निदान फोडते.

मला तुझी ती खिशातली वही हवी आहे. दर पाच मिनिटांनी रिअॅक्टरचं तापमान टिपायचास ती, तेलाच्या बोटांची. त्या दिवसाची पानं तू टाकून दिली नसशील. तू दाढीचं जुनं ब्लेडसुद्धा टाकत नाहीस.

कारण सांगते. तीस एप्रिलला मी निवृत्त होते आहे. त्याआधी कारखान्यात दहा हजार लिटरचा नवा रिअॅक्टर बसतो आहे, आणि त्यात पुन्हा माझीच राळ बनणार आहे, प्लायवूड चिकटवायची. तुमच्या त्या अपघातानंतर अकरा वर्षं ती फक्त तीनशे लिटरच्या लहान भांड्यात बनत आली. आता मागणी वाढली. पद्धतीच्या कागदावर माझी सही हवी आहे, आणि त्या कागदात एक रकाना आहे: फॉर्मलीन दर मिनिटाला किती सोडायचं. मोठ्या भांड्यात ही राळ कशी तापते याचे आकडे जगात एकाच ठिकाणी आहेत, तुझ्या वहीत. कारखान्याचा त्या दिवसाचा तक्ता चौकशीनंतर भिजला म्हणतात. कपाटात ठेवलेला कागद कसा भिजतो ते मला विचारू नकोस.

माझी पद्धत बरोबर होती. तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. फ्लास्कमध्ये चाळीस वेळा केली होती, चाळीसही वेळा राळ मधासारखी उतरली. चौकशीत ठरलं की सुपरवायझरने कुणाला न विचारता घाई केली. ते मी ठरवलं नव्हतं. चार माणसांची समिती होती.

वही पाठव. चिठ्ठी लिहायची गरज नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

वही नाही, उत्तर नाही. भावजयीचा फोन मात्र आला. म्हणाली, "वन्सं, पत्र वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं. मग दुकानात जाऊन एका चांगल्या पंपाचे सगळे भाग सुटे करून ठेवले." त्या पंपाला माझा दोष लावू नकोस.

तू गप्प बसलास तर मी बोलणार. लहानपणीही असंच व्हायचं.

प्रयोगशाळा आवरायला घेतली आहे. चौतीस वर्षांच्या एक्याऐंशी नोंदवह्या आहेत. त्या कारखान्याच्या मालकीच्या, पण ओळीने लावून द्यायच्या म्हणून एकेक उघडते आणि वाचतच बसते. पहिल्या वहीत माझं अक्षर किती नीट होतं. मुलाखतीत मला विचारलं होतं, "बाईमाणूस रात्रपाळी कशी करणार?" मी म्हटलं, "खुर्ची दिलीत तर बसून, नाहीतर उभ्याने." तेव्हाचे प्रमुख हसले नाहीत, पण नोकरी दिली. बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. मी दोन वर्षं हिशेबाच्या इमारतीपर्यंत चालत जायचे, ऊन असो की पाऊस. माझ्या पहिल्या दोन राळा अशा काही घट्ट झाल्या की फ्लास्क फोडून काढाव्या लागल्या, आणि एक सहकारी म्हणाला होता, "स्वयंपाकात असंच करता का?" तिसरी जमली. तिच्यावर कारखाना सहा वर्षं जगला. तो सहकारी नंतर दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे शंका विचारायला यायचा. मी त्याला प्रत्येक वेळी आधी चहा करायला लावायचे.

हे तुला माहीत आहे. तरी सांगते, कारण मी तिथे कशी उभी होते ते तू विसरला असशील. मी एक पाऊल चुकले असते तर माझ्यामागे दुसरी बाई त्या दारातून आत आली नसती. चूक करायची मला परवानगीच नव्हती. पुरुष चुकला तर प्रयोग फसायचा, मी चुकले तर बायका फसायच्या.

तुला चिकटवलं तेही मीच. शिफारस केली तेव्हा आई म्हणाली होती, "त्याला तुझ्या हाताखाली नको ठेवूस, भांडाल." म्हणून तू उत्पादनात आणि मी संशोधनात, मध्ये एक अंगण. भांडायला अंगण आड आलं नाही, हे खरं.

आमचे आताचे संचालक तुझ्याहूनही लहान आहेत. आम्ही त्यांना घड्याळसाहेब म्हणतो, कारण समोरचा बोलत असताना ते मनगट बघतात. काल विचारत होते, "बाई, सही कधी?" मी म्हटलं, "आकडा मिळाला की." म्हणाले, "तुमच्या पद्धतीत अर्धा तास लिहिलाय ना? दहा हजार लिटरचा हिशेब अर्ध्या तासाने भागा, झालं."

भागाकार मलाही येतो. तरी हात थांबला. का थांबला ते अजून कळत नाही.

वही पाठव रे.

ताई


६ मार्च

वही मिळाली.

जुन्या रबराच्या तुकड्यात गुंडाळलेली, पाकिटात दुसरं काही नाही. पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचा शिक्का. ठीक आहे. मीच म्हटलं होतं चिठ्ठी नको.

तुझे आकडे मी चष्मा पुसून पुसून वाचले. ३.४५ ला फॉर्मलीन सुरू, तापमान ६०. ३.५० ला ६३. ३.५५ ला ६७. ४.०० ला ७२. ४.०५ ला ७८. ४.१० ला ८६. आणि त्या शहाऐंशीसमोर, तुझ्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात: "ताईला फोन. थांबवू का विचारलं. म्हणाली, पाचच मिनिटं राहिलीत, थांबवलंस तर राळ बिघडेल, चालू ठेव." खाली ४.१५, ९७. त्याच्याखाली वेळ न घालता: "सगळ्यांना बाहेर काढतोय."

मागच्या महिन्यात मी तुला लिहिलं, की तू कुणाला न विचारता घाई केलीस असं चौकशीत ठरलं. वाक्य कसं बेतून लिहिलं होतं बघ. त्यात एकही शब्द खोटा नाही. असं लिहायला मला फार वर्षांचा सराव आहे.

आता सरळ लिहिते. तू फोन केला होतास. मी उचलला होता. माझ्या डाव्या हातात पिपेट होती, मी फोन खांद्यात धरून बोलत होते, आणि मला राग आला होता, कारण तुझ्या आवाजात भीती होती आणि माझ्या पद्धतीबद्दल कुणी भ्यावं हेच मला सहन होत नसे. तू जे लिहिलंयस तेच मी बोलले. शब्दन् शब्द.

चौकशीच्या खोलीत अध्यक्षांनी विचारलं, "सुपरवायझरने संशोधन विभागाशी संपर्क साधला होता का?" तू माझ्या उजव्या बाजूला बसला होतास. मी म्हटलं, "आठवत नाही."

आठवत होतं.

आदल्या दिवशी तेव्हाचे प्रमुख मला म्हणाले होते की पद्धतीत खोट निघाली तर संशोधन विभाग बंद करतील. हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे. पण याच्या आड मी लपणार नाही. त्यांनी धमकी दिली नसती तरी मी तेच म्हटलं असतं. मी घाबरले नव्हते. माझी राळ चुकू शकते हे मला मान्यच नव्हतं, आणि ते मान्य करण्यापेक्षा तू चुकलास हे मान्य करणं सोपं गेलं. तू भाऊ होतास म्हणून जास्तच सोपं गेलं. परक्या माणसाच्या बाबतीत मी दोनदा विचार केला असता.

तू त्या खोलीत काही बोलला नाहीस. नुसतं माझ्याकडे पाहिलंस, आणि त्यानंतर आजपर्यंत पाहिलं नाहीस. आई गेली तेव्हाही तू खोलीच्या त्या टोकाला आणि मी ह्या टोकाला, आणि लोक आपल्या मधून वाट काढत होते. तुझ्या दाखल्यावर "निष्काळजीपणा" हा शब्द पडला. पुन्हा कुठल्या कारखान्याने तुला दारात उभं केलं नाही. वीस वर्षं कारखान्यात काढलेला सुपरवायझर पंपांचे वायसर बदलत बसला.

हे पत्र तुला फाडायचं असेल तर फाड, पण वाचून झाल्यावर. मी रडत वगैरे नाहीये. मला काम आहे.

ताई


२४ मार्च

धाकट्या,

काम झालं. सांगते.

कपातला चहा निवतो, मोठ्या पातेल्यातला निवत नाही. एवढीशी गोष्ट आहे, पोरासोरांना कळते. माझा एक लिटरचा फ्लास्क म्हणजे कप होता. राळ बनताना स्वतःच तापते, पण फ्लास्कच्या काचेतून ती ऊब आपोआप निघून जायची, म्हणून अर्धा तास पुरायचा. तुझ्या दोन हजार लिटरच्या रिअॅक्टरच्या पोटातली ऊब बाहेर पडायला वाटच नव्हती. मी चाळीस वेळा तोच प्रयोग कपातच केला आणि पातेल्याबद्दल छातीठोकपणे लिहून दिलं. हे मला शिकवलं नव्हतं असं नाही. मी दुसऱ्यांना शिकवत होते. माझ्या बाबतीत ते लागू आहे असं वाटलं नाही, इतकंच.

मग पातेलं कुठून आणायचं? रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास आणला. त्यातून ऊब जात नाही, म्हणजे आतल्या राळेला आपण मोठ्या भांड्यात आहोत असंच वाटणार. झाकणाला भोक पाडून थर्मामीटर आणि ढवळणी घातली, जाड काचेच्या आडोशामागे ठेवला आणि अर्ध्या तासाच्या हिशेबाने फॉर्मलीन सोडलं. पंचविसाव्या मिनिटाला ८५. तुझ्या वहीत ८६. तिसाव्या मिनिटाला ९६ आणि झाकण थरथरायला लागलं. मी तीन वेळा केलं. तिन्ही रेघा तुझ्या रेघेवर काढून पाहिल्या. चार रेघा आहेत हे सांगावं लागेल इतक्या त्या एकमेकींवर बसतात.

त्यानंतर जे केलं ते करायची हिंमत व्हायला मला दोन दिवस लागले. चौथ्या वेळी पंचविसाव्या मिनिटाला फॉर्मलीन बंद केलं. तू थांबवू का विचारलंस तिथे. तापमान ९१ पर्यंत चढलं आणि थांबलं. मी पाऊण तास समोर बसून राहिले. तिथून वर सरकलं नाही. पाचव्यांदा केलं, तेच.

राळही बिघडली नव्हती. जरा काळसर पडली, बस.

म्हणजे तुझं बरोबर होतं, धाकट्या. तू थांबवलं असतंस तर झाकण उडालं नसतं, त्या उंच फिटरचा हात आणि मान भाजली नसती, आणि तू आज त्या कारखान्यात असतास. पाच मिनिटांचा प्रश्न होता, आणि उत्तर मी दिलं.

घड्याळसाहेबांकडे गेले, सगळ्या रेघा टेबलावर पसरल्या. यावेळी त्यांनी मनगट बघितलं नाही. माणूस हुशार आहे, पटकन कळलं. म्हणाले, "बाई, उपकार झाले. नव्या कागदावर अर्ध्या तासाऐवजी तीन तास लिहा, थंड पाण्याची सोय वाढवू. सही करा आणि सुखाने निवृत्त व्हा."

मी म्हटलं, "आणि कारण?"

"कारण कशाला? आकडा सुरक्षित आहे ना?"

"नुसता आकडा किती दिवस टिकेल? चार वर्षांनी कुणीतरी शहाणा येईल, म्हणेल तीन तास कशाला, पूर्वी तर अर्ध्या तासात व्हायची. मागे काय झालं ते लिहिलेलं नसेल तर तो घटवेलच. मीसुद्धा घटवला असता."

"कारण लिहिलं तर जुनी चौकशी उकरावी लागेल."

"उकरू या की."

"त्यात तुमचंच नाव येईल, बाई. या वयात हे कशाला अंगावर घेता? तो अपघात झाला, मिटला. तुमच्या भावाचंही आता बरं चाललंय ना?"

बरं चाललंय. मी त्यांना सांगितलं की माझा भाऊ कानाने ऐकून सांगायचा कुठल्या पंपाचं बेअरिंग महिनाभरात जाणार, आणि तुमच्या कारखान्यात तो असता तर तुम्ही त्याच्या हाताखाली शिकला असतात. मग त्यांनी मनगट बघितलं.

प्रयोगशाळेत परत आले आणि एकतिसावी नोंदवही काढली. आमच्यात नियम आहे: खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकीवर एकच आडवी रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी तारीख घालून सही करायची. "अर्ध्या तासात सोडावे" या तीन शब्दांवर मी रेघ ओढली. अकरा वर्षं उशिरा, पण आजच्याच तारखेची.

तुझी चिठ्ठी आली, हो. अकरा वर्षांत पहिली, आणि काय तर "मला काही नको. तू शांतपणे निवृत्त हो." साहेबांनी आणि तू एकत्र बसून मजकूर ठरवलात का? तुला नको असेल. मला हवं आहे. तुझ्या दाखल्यावरचा तो शब्द तुझा नाही, माझा आहे, आणि माझी वस्तू मी परत मागते आहे.

ताई


११ एप्रिल

धाकट्या,

कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत सगळं दिलं. थर्मासचे आकडे, एकतिसाव्या वहीच्या त्या पानाची प्रत, तुझी मूळ वही आणि माझा जबाब, चार पानी. तुला न विचारता तुझी वही दिली. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास, आणि मग मला तुझं न ऐकण्याचं पाप लागलं असतं. असं कमी पापात भागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या दाराला नवं कुलूप होतं. सुरक्षारक्षक म्हणाला, "मॅडम, तुम्ही रजेवर आहात असं वरून सांगितलंय." मला त्याच्याकडूनच कळलं. निरोप समारंभ रद्द. निवृत्तीचे कागद "तपासणीत". सहकारी अंगणात भेटले की चपलांकडे बघतात. एकजण मात्र जवळ आला, तोच, स्वयंपाकवाला. म्हणाला, "मला हे जमलं नसतं." मी म्हटलं, "चहा तरी जमतो ना, तो पाज." पाजला. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर बसून प्यायलो.

उंच फिटरला भेटायला गेले. तो एका शाळेच्या फाटकावर पहारा करतो. डावा हात कोपरात पुरता उघडत नाही, मानेवरची कातडी चकाकते. मी कोण ते सांगायला लागले तर म्हणाला, "ओळखतो की मॅडम. बसा." दुसरी खुर्ची नव्हती, स्वतःची दिली आणि स्वतः उभा राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. न अडखळता सांगितलं, घरी आरशासमोर तयारी केली होती.

तो बराच वेळ फाटकाची कडी खालीवर करत राहिला. मग म्हणाला, "मी तिथेच होतो. तुमचा भाऊ फोनवर ओरडत होता, थांबवू का, थांबवू का म्हणून. तुम्ही काय बोललात ते मला कळलं नाही. पण तो म्हणाला, 'बरं, तू म्हणतेस तर.' आणि फोन ठेवला. नंतर मला झाकणापासून कॉलर धरून त्याने ओढलं, म्हणून हातावर भागलं. नाहीतर तोंड गेलं असतं."

"चौकशीत का नाही सांगितलंत?"

"मला विचारलंच नाही कुणी. माझ्या पट्ट्या सुटल्या तोवर चौकशी संपली होती."

मी त्याला म्हटलं, माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरडा. म्हणाला, "आता शाळा सुटायची वेळ झाली, मॅडम. घंटा द्यायचीय." आणि गेला. मी घंटा संपेपर्यंत त्याच्या खुर्चीत बसून होते. क्षमा केली असती तर मला उठून जाता आलं असतं. ते त्याने केलं नाही आणि शिवीही दिली नाही. पण तो जबाब द्यायला येणार आहे, एवढं जाताना म्हणाला.

"बरं, तू म्हणतेस तर." हे तू वहीत लिहिलं नव्हतंस. का रे लिहिलं नाहीस?

सुनावणी एकोणतीसला आहे. तुलाही बोलावणं येईल. दाढी करून ये.

ताई


३० एप्रिल

धाकट्या,

आज माझा नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळचे नऊ वाजलेत, कुलूप लावलेल्या नोकरीला जाण्याची घाई नाही, म्हणून पहिलं काम हे करते आहे. तुला झापते आहे.

काल तू आलास. दाढी केली होतीस. मागच्या बाकावर बसलास, भावजय शेजारी. मी वळून बघितलं नाही, पण तुझा खोकला मी शंभर माणसांत ओळखते.

निरीक्षकांनी मला तोच प्रश्न विचारला. मी वेळेसकट सांगितलं: चार वाजून दहा मिनिटं. काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, सगळं. त्यांनी विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "माझी चूक झाली हे मला बघायचं नव्हतं." लेखनिकाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मग लिहिलं. निरीक्षक म्हणाले, "तुम्हाला कल्पना आहे ना, एक माणूस जखमी झाला होता. चौकशीत खोटं सांगितल्याबद्दल तुमच्यावर खटला होऊ शकतो." मी म्हटलं, कल्पना आहे, म्हणूनच दागिन्यांऐवजी आज चांगल्या चपला घालून आलेय, चालावं लागलं तर. ते हसले नाहीत. फिटर हसला. मला तेवढं पुरलं.

फिटरने त्याला जे ऐकू आलं तेवढंच सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. असा माणूस प्रयोगशाळेत हवा होता.

मग तुला उठवलं. तुझी वही समोर ठेवली. विचारलं, "बहिणीने चालू ठेवायला सांगितलं, हे खरं?" आणि तू म्हणालास, "फोन केला होता, साहेब. पण प्लांटमध्ये फार गोंगाट होता. ती काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही. वहीत मी अंदाजाने लिहिलं असेल."

अंदाजाने. तू. जो पाऊण अंशसुद्धा कधी पुरा करून लिहीत नव्हतास.

माझ्यावर खटला होईल हे ऐकून तू हे केलंस, ते मला तिथेच कळलं. निरीक्षक ते शब्द बोलले तेव्हा मागून तुझा खोकला थांबला होता. म्हणून मी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, हा खोटं बोलतोय. लहानपणापासून मला वाचवायला खोटं बोलला की याचे कान लाल होतात. बघा." सगळ्या खोलीने तुझे कान बघितले. मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बसले. तू सरळ दारातून निघून गेलास, आणि भावजय जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. तिला काय सांगायचं होतं ते मी समजले, तुझी वकिली होती.

आता ऐक. कागदावर काय उरलं ते तुला कळलेलं दिसत नाही. बहीण म्हणते, मी सांगितलं. भाऊ म्हणतो, ऐकू आलं नाही. निरीक्षकांनी संध्याकाळी मला बोलावून समजावलं: तुझा जबाब असाच राहिला तर त्याचा अर्थ, सुपरवायझरने नीट न ऐकता, न समजता चालू ठेवलं. म्हणजे निष्काळजीपणा. तोच शब्द, पुन्हा तुझ्याच नावापुढे, आणि या वेळी तुझ्याच तोंडून. मी त्या एका वाक्याने तुझी अकरा वर्षं खाल्ली, आणि तू काल उरलेली माझ्या पानात वाढून मोकळा झालास.

मला हे नकोय. मी आयुष्यात कुणाकडून वाचवून घेतलं नाही, हिशेबाच्या इमारतीपर्यंत पावसात चालत गेले पण कुणाची छत्री मागितली नाही. आता तुझ्या खोट्याखाली उभी राहू? खटला होऊ दे. मी उभी राहीन, बसायला खुर्ची मिळाली तर बसेन. मला तुरुंगाची भीती नाही. भीती एकाच गोष्टीची आहे, ती सांगते: मी मरेन, आणि कुठल्यातरी कपाटात असा कागद राहील की माझ्या भावाला कामातलं कळत नव्हतं. हे मला सहन होणार नाही. तुझी माया वेगळी, ती मला हवी आहे, इतकी वर्षं हवी होती, रोज हवी होती. पण ती या भावात नको.

जबाब दुरुस्त करायला आठ दिवसांची मुदत आहे. कचेरी साडेदहाला उघडते. सोमवारी ये. मी बाहेरच्या बाकावर बसलेली असेन, दाराच्या डाव्या हाताला. माझ्याशी बोलायची गरज नाही, माझ्याकडे बघायचीही नाही. आलास की सरळ आत जा आणि लेखनिकाकडून कोरा कागद माग. फार लिहू नकोस. मी काय म्हणाले होते तेवढंच लिही, आणि खाली लिही की तुला ते स्वच्छ ऐकू आलं होतं, आणि तू माझं ऐकलंस.

ताई